म्हाताऱ्याची शिस्त

"अहो, अजून शू केली नाही त्याने," बंद दाराबाहेरून बायको म्हणाली.

"कालपासून?"

"कालपासून. तुमच्या दाराशी बसलाय. तुमच्यासारखाच हट्टी."

लिफ्टचा मेकॅनिक आतल्या खोलीत साथीचा ताप घेऊन पडला होता. अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात त्याचा जन्म गेला. त्याला अडकवायला साधी कडी पुरली. रुग्ण सापडला म्हणून घराच्या दाराला बाहेरून पालिकेची बंदीची पट्टी लागली, आणि बायको व कुत्रा ठणठणीत असूनही कैदेत जमा झाले.

"शेजारच्या काकांना विचार. खाली फिरवून आणतील."

"विचारलं फोनवर. म्हणाले, कुत्र्याच्या अंगावरून पसरतं म्हणे. त्याची तब्येत विचारली. तुमची विचारायची राहिली."

कुत्र्याला दोघं म्हातारा म्हणत. पिल्लू असल्यापासून म्हणत. आता कुठे तो त्या नावाला पोचला होता. फरशी नवी असताना मेकॅनिकने त्याला दरडावून शिकवलं होतं : घरात नाही म्हणजे नाही. मेकॅनिकचं या घरात कोणी ऐकलं असेल तर ते एवढ्या एकाने, आणि तेही एवढंच.

बायकोने मोरीत वर्तमानपत्र पसरलं. म्हाताऱ्याने अग्रलेख हुंगला आणि माघारी फिरला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, या वयात असं तुंबून राहिलं तर जिवावर बेतेल.

मेकॅनिक भिंतीला धरून उठला आणि दाराशी खाली बसला. लिफ्टमध्ये कोंडलेल्यांशी बोलायचा आवाज त्याने लावला.

"घाबरायचं नाही. मी इथेच आहे. कर बाळा, इथेच कर."

पलीकडे नखं फरशीवर वाजली.

"शेपूट हलवतोय," बायको म्हणाली. "पण पाय आवळलेत. अहो, थरथरतोय हो तो!"

"म्हाताऱ्या, फरशी काय, पुसता येते रे."

"हे मला कधी नाही म्हणालात," बायको म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

मेकॅनिक आतून दारावर हळूहळू थोपटत राहिला. मग म्हातारा बारीक कण्हला आणि दाराखालच्या फटीतून कोमट ओघळ आत आला. मेकॅनिकच्या टाचेपर्यंत आला. त्याने पाय हलवला नाही.

"केली हो, केली!" बायको रडल्यासारखी हसली. मग आवाज उतरला. "भिंतीकडे तोंड करून बसलाय. बघतच नाहीये माझ्याकडे. थांबा, फडकं आणते."

"आत्ता नको," तो म्हणाला. "त्याच्यादेखत नको पुसूस."