पिंपळाखालचा रडका हॉर्न

दोन हजार पाच साल. घोडबंदरच्या हायवेला पिंपळाखाली त्या रविवारी दोनशे माणसं कान टवकारून उभी होती. एक ट्रक पीं करत आला आणि झाड ओलांडताच त्याचा आवाज एकदम खाली बसला, पों...

"रोया! सुना, भक्तांनो?" गुणवंतबाबा ओरडला. "बाकी रस्त्यावर हॉर्न वाजतो, इथे रडतो! जितेंद्रचा आत्मा अडकलाय इथे!"

माणसांनी हात जोडले. सगळ्यात पुढे राई गावचा महिपत. जितेंद्र त्याचा एकुलता मुलगा. वर्षापूर्वी याच जागी ट्रकखाली गेला होता.

अपघाताला महिना झाला नाही तोच हा बाबा कुठून तरी उगवला. त्याने एका दगडाला शेंदूर फासला, शेजारी पत्र्याचा मठ उभारला आणि रस्त्याला पाट्या ठोकल्या, 'हॉर्न वाजवून नमस्कार करा.' हॉर्न वाजवायला आपणच सांगायचं आणि वाजला की चमत्कार म्हणायचं! एवढ्यावर थांबला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण त्याचा डोळा महिपतच्या सुनेवर, मनोरमावर होता.

"आत्मा बायकोसाठी रडतोय," तो म्हणाला. "तिने कारखान्यातली नोकरी सोडावी. अमावस्येपासून मठात राहून सेवा करावी. तभी मुक्ती!"

"जाईल ती," महिपत म्हणाला.

"नाय जाणार, मामंजी." मनोरमा पुढे आली. "मी रोज बसने इथूनच कामाला जाते. ड्रायव्हर हॉर्न दाबून धरतो. बसमध्ये तो कधी रडत नाय. मी तर बायको. मलाच कसा ऐकू येत नाय?"

"पापाने कान बंद झालेत, बेटी."

"मग मामंजींना बसू दे गाडीत. त्यांच्या कानात तर पाप नाय?"

तिने हे आधीच गोडदेवच्या शाळेतल्या निशिगंधाबाईंना सांगितलं होतं. बाई विज्ञान शिकवतात. म्हातारपणी मला अक्षरं लावायला शिकवलं तेही त्यांनीच. म्हणून बाई गावातल्या आत्मारामचा टेम्पो घेऊनच आल्या होत्या. अर्धी माणसं त्यांनी झाडाखाली ठेवली, अर्धी दोनशे पावलं पुढे नेली. मी पुढच्यांत होतो. महिपत टेम्पोत बसला. आत्मारामने लांबूनच हॉर्न दाबला आणि न सोडता टेम्पो भरधाव नेला.

"रडला! झाडापाशी रडला!" मागचे ओरडले.

"हट्! तुमच्याकडून तर पीं करतच आला! रडला तो आमच्यापुढे!"

महिपत उतरला. "माझ्या कानाला त रडलाच न्हाय. एकाच सुरात वाजत व्हता."

"बाबाजी, आता तुम्ही बसा," बाई म्हणाल्या.

"आम्ही वाहनाला पाय लावत नाही."

"मंग मठामागं मोटरसायकल कोनाची हाय?" कुणीतरी विचारलं. माणसं हसली. वर्षात पहिल्यांदा त्या झाडाखाली हसू ऐकलं.

बाईंनी समजावलं. "आवाज हवेतून लाटांसारखा येतो. गाडी आपल्याकडे धावते तेव्हा प्रत्येक नवी लाट आधीच्यापेक्षा जवळून सुटते. लाटा दाटीने कानावर येतात, आवाज बारीक लागतो. गाडी पुढे गेली की प्रत्येक लाट आणखी लांबून सुटते. लाटा विरळ होतात, आवाज जाड होतो. गाडीतला माणूस हॉर्नबरोबरच चालतो, म्हणून त्याला फरक कळत नाही. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. आत्माराम, आता सायकलच्या वेगाने ने."

टेम्पो रांगत गेला. हॉर्न रडलाच नाही.

"जेवढा वेग जास्त, तेवढा आवाज जास्त खाली येतो," बाई म्हणाल्या. "बस्स, एवढंच."

महिपत शेंदराच्या दगडाकडे वळला. मग म्हणाला, "म्हंजी वरीसभर मी हात जोडले ते वेगाला? ज्यानं माझा पोर नेला, त्यालाच?"

तो पुढे झाला आणि पाटी उपटायला लागला. दुसरं टोक मनोरमाने धरलं. बाबाची मोटरसायकल तेवढ्यात चालू झाली. जाताना त्याने हॉर्न मात्र वाजवला नाही.

सोमवारी मनोरमा कामावर गेली.

तुमच्या भागात हॉर्न, घंटा, भोंगा काहीही रडायला लागलं, तर हात जोडण्याआधी दोनशे पावलं पुढे जाऊन ऐका. गाडीत बसून ऐका. कान तुमचे आहेत, ते कुणा बाबाला देऊ नका. त्या पिंपळापाशी देवळाची नाही, गतिरोधकाची गरज आहे. अर्ज तयार आहे. पहिली सही मनोरमाची, खाली महिपतचा अंगठा. तुमची सही हवी आहे.