अहो आणि अरे

"गो, कुत्र्याक भाकरी घाल, पण नाव ठेवू नको. नाव ठेवलंस की तो घरचो झालो. मगे त्याका सोडूक तुझो जीव होवचो नाय."

लग्न होऊन आचऱ्याला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, मागच्या पडवीत उभं राहून मला हे सांगितलं होतं. माई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे सोमवार, त्यांच्या संकष्ट्या, दोन्ही एकादश्या, सगळं मी पुढे चालवलं. मग हे तरी कसं मोडणार? म्हणून गेल्या पावसाळ्यात चिऱ्याच्या खाणीतून ते तांबूस कुत्रं आमच्याकडे आलं, तेव्हा त्याला भाकरी मिळाली, औषध मिळालं, निजायला गोणपाट मिळालं. नाव मिळालं नाही.

खाणीतून वर काढलं ते आमच्या ह्यांनी. हे निवृत्त मास्तर. जन्मात झाडावर चढले नसतील, पण शिडी लावून खाली उतरले, गुडघाभर गढूळ पाण्यातून त्याला खांद्यावर टाकून वर आले, आणि आल्याबरोबर जे शिंकत सुटले ते घरी येईपर्यंत. तेव्हा आम्हाला वाटलं, पाण्यामुळे.

कुत्र्याचा मागचा पाय मोडला होता. तो जुळला, पण किंचित आखूड राहिला. खाणीत ते आपणहून पडलं नव्हतं. गोणीत घालून कुणीतरी टाकलं होतं. गोणी तिथेच तरंगत होती.

आता हाक मारायला काहीतरी लागतंच. मी आपली "अरे, ये" म्हणायची, "अरे, बस" म्हणायची. ह्यांचं नाव मी उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही, ह्यांना "अहो". त्यामुळे घरात दोन हाका झाल्या. "अहो" म्हटलं की हे "काय गो?" विचारत जागेवरच बसून राहायचे. "अरे" म्हटलं की तो तीन पायांवर धावत, चौथा टेकत, माझ्यासमोर हजर.

"बघ," हे म्हणायचे, "तुझा ऐकणारो एक तरी गावलो."

दिवाळीपर्यंत शिंकांचा खोकला झाला आणि खोकल्याची धाप. डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, "मास्तर, हा कुत्र्याच्या केसांनी उठलेला दमा आहे. घरात एक तर कुत्रा राहील, नाहीतर तुम्ही."

हे खरंच विचार करत बसले. शेवटी मीच डॉक्टरांना म्हटलं, कुत्रा जाईल.

आम्ही त्याच्यासाठी घर शोधायला लागलो. नुसतं कुणाच्या दारात नेऊन सोडायचं तर दारं पुष्कळ होती. पण एकदा टाकलेला जीव. दुसऱ्यांदा टाकला जाणार नाही असं घर हवं होतं, कायमचं. सकाळ-संध्याकाळ देवापाशी मी तेवढंच मागत होते.

पहिला आला माझ्या मावसबहिणीचा मुलगा, बाळा. त्याची कसालला हायवेवर खानावळ आहे. राखणीला कुत्रा हवा होता. सकाळी टेम्पोतून घेऊन गेला. दिवेलागणीला टेम्पो परत दारात.

"मावशे, ह्यो तुमचो वेटर ताब्यात घेवा."

"काय केल्यान?"

"काय करूक नाय ता विचारा! माझी पोरां सकाळपासून वरडतत, 'अरे, दोन बांगडो थाळी!', 'अरे, पाणी दी!' ह्यो प्रत्येक टेबलाकडे जावन उभो. एका गिऱ्हायकाची सोलकढी सांडल्यान. शेवटाक दमून गल्ल्याखाली निजलो. पण थंयसूनय 'अरे' म्हटला की शेपटी हालयता."

"पण राखणीक बरो ना?"

"खंयची राखण? चोर इलो आणि 'अरे' म्हणालो, तर ह्यो त्याच्या पिशये उचलूक जायत!"

हे हसता हसता खोकायला लागले आणि खोकता खोकता म्हणाले, "आता तरी नाव ठेव."

"माईंचा सांगणा आसा," मी म्हटलं.

"आवशीन माका पण खूप काय काय सांगितल्यान होता. मी खंय ऐकलंय?"

मग आले भाई. भाई मिठबावचे, ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. हापूसची कलमं आहेत, आणि कलमांपेक्षा जास्त माकडं. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीवहिनी गेल्या, तेव्हापासून घरात एकटेच. मी आधीच खरं ते सांगून टाकलं, की ह्याला नाव नाही, कुणाच्याही "अरे"ला हा धावतो.

"माझ्या घरात 'अरे' म्हणूक दुसरो आसा कोण?" भाई म्हणाले. "म्हणजे तो माझोच झालो."

किती बरं वाटलं मला! इतक्यात त्यांनी हात वर केला. "एक आधीच सांगतंय वयनी. माझ्याकडे देवधर्म नाय. लक्ष्मी गेली त्या दिवसापासून देवाचा आणि माझा बोलणा बंद आसा. देवखोलीक कडी घातलेली आसा."

"कुत्र्याक काय त्याचा?" मी म्हटलं. चुकलं ते इथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. ह्यांनी स्पीकर लावला. मी संध्याकाळच्या वाती वळत होते.

"मास्तर, तुमच्या कुत्र्यान माझी अब्रू घालवल्यान! काल रातीक सुरमय घातलंय, सुरमय! जावयाक वाढताना हात आखडात असो तुकडो. हुंगल्यान आणि माझ्या तोंडाकडे बघीत बसलो."

"आमच्याकडे मासो शिजणा नाय रे," हे म्हणाले. "त्याका म्हायत नाय. दहीभात घाल."

"घातलंय! शेजारणीकडे दही मागूक गेलंय तर ती विचारी, भाई, पोट बिघाडला काय? दहीभात पण खाणा नाय. बसलो आसा ताटाफुडे. हात जोडूचे तेवढे बाकी."

मी हातातली वात खाली ठेवली.

आमच्याकडे स्वयंपाक झाला की आधी देवाला नैवेद्य, मग घंटा, मग पानं. त्याचं पान मागच्या पडवीत, पण तेही घंटेनंतरच. मी त्याला काही शिकवलं नव्हतं. इतके महिने त्याने घंटेशिवाय घास बघितलाच नव्हता, एवढंच. त्याच्या लेखी घंटा वाजत नाही तोवर समोरचं ते अन्न नव्हेच.

मी फोन घेतला. "भाई, जेवण घालताना घंटा वाजवलात?"

"कसली घंटा?"

सांगितलं. भाई म्हणाले, "वयनी, तुमचो मान ठेवन सांगतंय. माझ्या घरात घंटा वाजूची नाय. संध्याकाळपर्यंत खाल्ल्यान तर बरा, नायतर सकाळी हाडून सोडतंय. उपाशी मेलो तर ता पाप माका नको."

फोन ठेवला. हे माझ्याकडे बघत होते, मी ह्यांच्या छातीकडे. परत आला तर ठेवायचा कुठे? संध्याकाळी दिवा लावला आणि जन्मात पहिल्यांदा देवापाशी काय मागावं ते सुचेना. ज्याच्याशी भाई बोलत नाहीत, त्यालाच मी मध्यस्थ कसं करू?

पुन्हा फोन वाजला.

"सायकलची घंटी वाजयलंय," भाईंनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "नुसतो कान हालयल्यान. पितळेचा ताट बडवलंय, तर उठान लांब जावन बसलो. मगे मोबायलात देवळाची घंटा लावलंय."

"मग?"

"मगे उठलो. लंगडत सगळा घर हिंडलो आणि देवखोलीच्या दारासमोर जावन बसलो. थंयसून हलणा नाय. वयनी, त्याका कोणी सांगल्यान तिच्यात देव आसत म्हणान?"

काय सांगणार? मी हळूच म्हटलं, "भाई, देवासाठी वाजवू नकात. त्याच्यासाठी वाजवा. देवाशी बोलूची काय गरज नाय."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. कडी कुरकुरली. "शी, केवढी कोळिष्टकां!" असं ऐकू आलं, मग काहीतरी भांडं घरंगळत गेलं. मग घंटा. आधी दबकी, घसा बसल्यासारखी. मग एकदम स्वच्छ. आणि ती थांबायच्या आत चपचप, चपचप. ह्यांनी श्वास धरून ठेवला होता, ज्यांना तो धरायला डॉक्टरांची सक्त मनाई होती.

"खाल्ल्यान," भाईंचा आवाज आला. "दहीभात खाल्ल्यान. वर सुरमय पण. काटो सोडूक नाय." आणि मग फोनकडे पाठ करून, मोठ्याने: "तुझ्यासाठी नाय वाजयलंय हां! ह्येच्यासाठी!"

हे म्हणाले, "भाई, बोलणा बंद होता मां तुमचा?"

"ता तुका सांगण्यापुरता," भाई म्हणाले. मग नाक ओढलं, ते आम्ही ऐकलं नाही असं दाखवलं.

"म्हणजे आता ठेवतलात त्याका?" मी विचारलं.

"ठेवतलंय म्हणजे? देवखोलीच्या उंबऱ्यार तंगडी टाकून निजलो आसा. उठयतलो कोण?"

मी मनातल्या मनात हात जोडले. आणि तेवढ्यात आठवलं, उद्या एकादशी. नाही सांगितलं तर पुन्हा घोळ, सांगितलं तर भाई भडकणार. सांगितलं. एकादशीला आमच्याकडे भात नसतो, त्यालाही आमच्याबरोबर साबुदाण्याची खिचडी लागते.

"ह्यो उपास पण करता?"

"करणा नाय, भाई. सवय झाली."

"वयनी, आज घंटा वाजवूक लावलात, उद्या साबुदाणो भिजत घालूक लावतलात, फुडच्या म्हयन्याक माका कीर्तनाक उभो करशात!"

ह्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "तू काय एक भिजत घालू नको. एकादशेक मी घेवन येतलंय. दर एकादशेक. शब्द."

"आणि दमो?"

"दमो हयसर ठेवन येतलंय."

फोन बंद करून हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेलो एकदाचो. सुटलंव." आणि चष्मा पुसत बसले.

पहाटे मी पोथी वाचायला बसले. मध्येच उठायचं नाही असा माझा नेम आहे, म्हणून नाकाने आणि कानांनी जेवढं कळलं तेवढं सांगते. साबुदाणा ह्यांनी रात्रीच भिजत घातला होता, आणि पाण्यात कंजुषी केली नव्हती. जिरं करपलं. कढईच्या तळाला काहीतरी चिकटलं, ते खरवडताना हे स्वतःशीच पुटपुटले. डब्याचं झाकण बसेना, मग बसलं.

खिडकीतून मला अंगण दिसतं. हे नाकाला रुमाल बांधून आले, डबा टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवला, आणि स्कूटर सुरू न करताच, मी दम्यावरून अडवू नये म्हणून, माडांखालून हातांनी ढकलत मिठबावच्या रस्त्याला लागले.