बाबांच्या शेजारची सीट

बेळगावच्या विमानतळावर बाबांची पिशवी तपासणारा जवान जरा बुचकळ्यात पडला. रुमाल बाजूला केला तर आत वीतभर शाडूचा गणपती, आणि त्याला डोळेच नाहीत.

"याचे डोळे किशनगडला हायत," बाबा म्हणाले.

जवानाला काही कळलं नाही. मला मात्र कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पेणजवळ जोह्याला आमचा गणपतींचा कारखाना. मी रोह्याला दिलेली, नवरा धाटावच्या कंपनीत. गेल्या वर्षापासून बाबांचा हात थरथरायला लागला, तेव्हापासून गणपतींचे डोळे मी काढते. याला आम्ही आखणी म्हणतो. गिऱ्हाईक सोंड बघत नाही, मुकुट बघत नाही, आधी डोळे बघतं. म्हणून मी रोज घरचं आवरून एसटीनं यायची आणि मान मोडेपर्यंत आखणी करायची. यंदा कारखान्यातून जेवढे गणपती बाहेर पडले, तेवढे माझ्या हातचे डोळे घेऊन.

फक्त घरचा सोडून. घरच्याची आखणी सगळ्यात शेवटी, कारखानदारानं करायची आणि त्याच्यामागून त्याच्या मुलानं. लेक परक्या घरची. हा आमच्याकडचा कायदा, कुठं लिहिलेला नाही म्हणून मोडतही नाही.

आणि मुलगा कुठं, तर राजस्थानात किशनगडला. माझा भाऊ कान्हू शाडू सोडून संगमरवराच्या मूर्ती घडवायला गेला आणि तिकडेच रमला. श्रावणात त्याचा फोन आला, "बाबा, औंदा मी गणपती इथंच बसवतो." आमच्याकडे भाऊ कितीही असोत, गणपती एकच, सगळ्यांनी त्याला घरी यायचं. वेगळा गणपती म्हणजे वेगळं घर. आईनं डोळ्याला पदर लावला. बाबांनी पडवीत बसून हा वीतभर गणपती केला, रंगवला आणि डोळ्यांवर येऊन थांबले.

दरवर्षीसारखे आम्ही ट्रक भरून बेळगावला स्टॉल लावायला आलो. वाटेत कुणाचं बोट मोडतं, कुणाचा रंग उडतो, म्हणून रंगपेटी घेऊन मीही सोबत. बेळगावहून किशनगडला थेट विमान जातं, मुंबईचं तोंड न बघता, हे बाबांना कुणी सांगितलं कोण जाणे. "मला नीट दिसत नाय, तू चल," एवढंच म्हणाले. मी ओळखलं. घरचा गणपती तिकडे नेणार, लाडक्याच्या हातून डोळे काढून घेणार आणि त्यालाही कानाला धरून आणणार. वर्षभर मान मी मोडली, आणि मान कान्हूचा!

विमान छोटं. एका बाजूला एकेक सीट, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. हवाईसुंदरी बेळगावचीच होती. तिनं पिशवी पायाशी, पुढच्या सीटखाली ठेवायला सांगितली.

"देवाला पायाशी?" बाबा उभेच राहिले. "मग मी उतरतो."

विमान अर्धं रिकामं होतं. ती हसली, बाबांच्या शेजारच्या सीटवर गणपती बसवला आणि त्याला पट्टा बांधला. मी पलीकडच्या एकट्या सीटवर. "जागा आहे म्हणून जमलं आजोबा," ती म्हणाली. "माणसं मिळत नाहीत, पुढच्या महिन्यात हे विमान बंद होतंय." बाबांनी मान हलवली आणि सगळी वाट त्या पट्ट्यावर हात ठेवून बसले. मी खिडकीतून ढग बघत धुमसत होते.

कान्हू घ्यायला आला. केसांत, भुवयांत दगडाची पांढरी धूळ. त्याच्या खोलीत पाट मांडून तयार. बाबांनी गणपती थेट त्या पाटावर ठेवला.

"काढ डोळे."

"तुमीच काढा बाबा. आणलाय तर..."

बाबांनी हात पुढे केला. तो थरथरत होता. कान्हूला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं आपला ब्रश घेतला आणि डोळे काढले. चांगले काढले, खोटं कशाला बोलू? मग बापाच्या पायावर डोकं ठेवून रडला.

"रडू नको," बाबा म्हणाले. "तुझं घर तुझ्या हातानं झालं. मी काय त्याला आडवा येणार नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच परत निघालो. गणपती नाही, कान्हू नाही. विमानात मी आपली पलीकडच्या सीटकडे वळले.

"तिकडं कुठं? इकडं ये गो."

काल देव बसला होता तिथं मी बसले आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "घरचा गणपती तर दिलात. आता आपल्याकडे काय?"

"तो घरचा नव्हता. तो कान्हूचा, पयल्यापासून. घरचा माळ्यावर हाय, तुझ्या आईला ठावं हाय." बाबांनी खिशातून एक बारीक ब्रश काढला. घरच्या गणपतीशिवाय दुसऱ्या कशाला तो लागल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. "त्याला अजून डोळे नायत. तुझी वाट बघतोय."

"लेकीच्या हातचे चालतील?"

"गावोगाव चालतात, मग माझ्याच घरात का नाय?"

किती धुमसले होते मी, आणि हा माणूस मनातल्या मनात सगळं वाटून मोकळा झाला होता. मला रडू आवरेना. बाबा मात्र खिडकीतून मागे राहिलेल्या गावाकडे बघत होते. "कान्हू यायला पायजे व्हता," हळूच म्हणाले. "आता तर विमानबी बंद व्हणार."

मी ब्रश धरला. त्याचं टोक हलत होतं. मी हात मांडीवर दाबला, तरी हलत होतं.

"थरथरतोय काय गो?" बाबांनी विचारलं.

"व्हय."

"मग बराबर हाय. घरच्याच्या वेळी माझाबी थरथरायचा. तरणा होतो तवापासून."