प्लस तीनमधला बर्फ

मी विमानांवरचा बर्फ उतरवणारी गाडी बोलतेय. नाव सांगण्यासारखं नाही, पाठीवर नुसता चार नंबर रंगवलाय. दिसायला मी टँकरसारखी. फक्त माझ्या डोक्यावर एक लांब लोखंडी हात आहे आणि त्याच्या टोकाला एक माणूस उभं राहील एवढा पिंजरा. पोटात दोन टाक्या. एकीत नारिंगी पाणी, ते कडकडीत तापवून मारायचं म्हणजे बर्फ सुटतो. दुसरीत हिरवा घट्ट रस, तो वरून लावायचा म्हणजे नवा बर्फ धरत नाही. तोही जन्मभर टिकत नाही. ठरलेल्या मिनिटांत विमान उडालं नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

माझा जन्म डेन्मार्कमधला. जहाजातून लंडनला आले आणि थेट जुन्या गोदीतल्या या छोट्या विमानतळावर लागले. धावपट्टी एवढीशी, दोन्ही बाजूंना गोदीचं काळं पाणी. मोठी विमानं इकडे फिरकत नाहीत. पण एक विमान होतं, त्याचा मला अजून अभिमान वाटतो. ते इथून न्यूयॉर्कला जायचं! आत फक्त बत्तीस खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीचा पलंग होणारा. पूर्ण इंधन घेऊन या धावपट्टीवरून उडता येत नाही, म्हणून बेतापुरतं घ्यायचं, आयर्लंडला उतरायचं, तिथे पोटभर प्यायचं आणि मग समुद्र ओलांडायचा. तेवढ्यात आयर्लंडमध्येच प्रवाशांचे अमेरिकेचे कागद तपासून व्हायचे. श्रीमंतांची चैन म्हणा हवं तर. मी म्हणते, मोठ्यांच्या अंगणात न जाता मोठं काम करणारं ते हिकमती पोर होतं.

मला चालवायची लोरेन टिबिट. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, तोंडाने फटकळ. कुंपणापलीकडच्या विटांच्या घरांतच जन्मली, तिथेच आईजवळ राहिली. हिवाळ्यात पहाटे पाचला यायची, मला लाथ मारून म्हणायची, "ऊठ गं म्हातारे." आणि आधी माझी टाकी तापायला लावायची. थंडी असो वा नसो. यावरून बॅरी हॉस्किन्स तिच्या मागे लागायचा. विमान वेळेवर सोडणं हे त्याचं काम. नाकावर चष्मा, खिशात हवेच्या आकड्यांचा कागद.

"लोरेन, आज बर्फ नाही. कशाला उगाच डिझेल जाळतेस?"

"तुझ्या डोक्यावर ओतायला."

असं त्यांचं रोजचं चालायचं.

एका हिवाळ्यात मात्र हसण्यावारी नेण्याची सोय राहिली नाही. विमान कंपनीच्या साहेबांनी कळवलं, की ऑक्टोबर ते मार्च मोजणार. इथल्या हवेपायी तीन फेऱ्या रद्द झाल्या, तर हे विमान शहराच्या पश्चिमेकडच्या मोठ्या विमानतळावर नेणार. म्हणजे इथली सात माणसं घरी. त्यात लोरेन. दोन फेऱ्या जानेवारीत धुक्याने खाल्ल्या. उरली एक.

फेब्रुवारीतला शनिवार होता. शनिवारी आमचा विमानतळ दुपारी साडेबाराला बंद होतो तो रविवार दुपारपर्यंत. शेजारच्या वस्तीशी तसा करार आहे, लोकांना आठवड्यातून एक दिवस तरी शांतता हवी. साडेबाराला चाक जमिनीवर असेल, तर ते जमिनीवरच राहणार. विनवणी नाही, ओळख नाही.

त्या सकाळी न्यूयॉर्कहून विमान उशिराच आलं. धुक्याच्या भीतीने कॅप्टन हॅल्डेननी जास्तीचं इंधन आणलं होतं. धुकं काही पडलं नाही, इंधन पंखांत तसंच उरलं. त्यांनीच ताजी झोप झालेल्या कॅप्टन मॅकर्डीच्या हाती विमान दिलं आणि घरी गेले. बाहेर भुरभुर पाऊस. बाराला दहा कमी असताना बत्तीसही माणसं आत बसली.

बॅरीने कागद पाहिला. "प्लस तीन अंश. नुसता पाऊस आहे. सोडा."

लोरेन माझ्या केबिनमध्ये चहा पीत होती. तिची नजर पंखावर होती. टोकाकडचं पाणी ओघळत होतं. विमानाच्या अंगाजवळचं मात्र ओघळत नव्हतं, नुसतं चकाकत होतं. तिने कप ठेवला.

"हॅल्डेन काल रात्रभर कुठे होता?"

"आकाशात. दुसरीकडे कुठे असणार?" बॅरी म्हणाला.

"आणि त्याचं इंधन?"

"त्याच्याबरोबर."

"मग ते इंधन वरच्या थंडीत बर्फासारखं गार पडलंय, शहाण्या. पंख आतून गार आहे. तुझं प्लस तीन बाहेर आहे."

ती पिंजऱ्यात चढली. मी हात लांब केला. पंखावर येताच तिने हातमोजा काढला आणि उघडा तळवा टेकवला. आमच्या कामात हीच खरी तपासणी. काचेसारखा साफ बर्फ डोळ्याला दिसत नाही, ओल्या पत्र्यासारखाच वाटतो. तळव्याला कळतो. तिने नखाने ओरखडा काढला. नखाखाली पांढरा चुरा आला.

"बर्फ!" ती ओरडली. "कॅप्टनला सांग, विमान हलणार नाही."

बॅरीचा चेहरा उतरला. "लोरेन, बारा वाजतायत. ही तिसरी होईल. तुझी नोकरी जाईल, बाई. माझीपण."

"जाऊ दे. पंखाने हवा धरली नाही, तर हे बत्तीस जण गोदीत पडतील. मग माझ्या आईच्या खिडकीतून सगळं दिसेल."

"तुझ्या आईला सांग ना, दहा मिनिटं कान झाकून बस म्हणावं!"

"करारावर पहिली सही तिचीच आहे. तूच जाऊन सांग."

कॅप्टन मॅकर्डी वायरलेसवर आल्या. शांत आवाजाच्या बाई. "मिसेस टिबिट, नक्की?"

"माझा हात आहे त्याच्यावर, कॅप्टन."

"मग मारा. मी थांबते."

दुसरा काही प्रश्न नाही. आजही तो आवाज आठवला, की माझे नळ ताठ होतात.

आता माझी पाळी होती. प्लस तीनच्या दिवशी कोणत्याही गाडीची टाकी गार असती आणि गार पाणी तापायला पाऊण तास जातो. माझं पहाटेपासून उकळत होतं! मी जीव खाऊन पाणी फेकलं. वाफेने पंख दिसेनासा झाला. एक पंख झाला, दुसरा झाला. आत कुणीतरी साहेब हवाई सुंदरीवर खेकसत असल्याचं बॅरीने ओरडून सांगितलं.

"त्याला म्हणावं, बाहेर येऊन पुसायला लाग!" लोरेन वरून म्हणाली.

बारा वाजून बारा मिनिटं. तिने पुन्हा तळवा फिरवला. अंगाजवळ ताटलीएवढा तुकडा अजून चिकटून होता.

बॅरी खाली घड्याळ धरून उभा. "एवढाच ना? एवढ्याने काय होतंय? हिरवं मार आता!"

लोरेन थांबली. खरंच थांबली, मी तिच्या पायांचं वजन ओळखते. सात घरं होती त्या ताटलीवर. मग तिने पुन्हा नारिंगी नळी उचलली. "बॅरी, वर ये. हात लाव. आणि मग तूच सांग कॅप्टनला, की चालतंय."

बॅरी पंखाला शिडी लावून वर चढला. त्याने हात लावला. तिथेच गुडघे टेकून नळीच्या झोताबरोबर स्वतःच्या बाहीने तो तुकडा घासायला लागला. सुटला एकदाचा. मग हिरवं. मग पुन्हा तळवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बारा वाजून बावीस. तिने अंगठा वर केला.

बारा सत्तावीसला विमान धावपट्टीच्या टोकाला उभं राहिलं, इंजिनं फुलवली आणि एवढ्याशा जागेतून असं सुटलं, की पाण्यावरचे सीगल सगळे एकदम उठले. बॅरीची भिजलेली बाही हिरवी झाली होती. तो म्हणाला, "सोमवारी किती वाजता तापवतेस हिला?"

"पाचला. चहा तू आणायचास."

त्या हिवाळ्यात तिसरी फेरी रद्द झाली नाही. विमान आणखी सात हिवाळे इथूनच उडालं. कंपनीच्या कागदांवर त्या शनिवारापुढे एवढंच लिहिलं होतं: उशीर, कारण पाऊस. हसू येतं मला. माणसं न घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवत नाहीत.

आता ते विमान बंद झालंय. लोरेन निवृत्त झालीय. माझ्या जागी कॅमेऱ्याने बर्फ शोधणारी नवी गाडी आलीय आणि मला उत्तरेच्या एका बेटावरच्या विमानतळाने मागून घेतलंय. परवा बोटीत चढवतील. तिथे दोन पंख्यांची छोटी विमानं आहेत, डॉक्टरांना आणि शाळामास्तरांना नेणारी. मला चालेल. पंख तो पंखच.

विमानात बसून उशीर झाला म्हणून चडफडणाऱ्यांना माझं सांगणं आहे: खिडकीतून बघा. बाहेर कुणीतरी उघडा हात गारठवून घेत असेल, तर गप्प बसा. आणि बेटावरच्या माणसांनो, मी म्हातारी आहे, पंप खोकतो, दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. पण पहाटे तापवायला विसरू नका. पुढचं मी बघून घेते.