अकराव्या मिनिटाचं शिखर

आमचे साहेब कोळशाचं तेल करतात. म्हणजे दगडी कोळसा दळून, द्रावकात कालवून, हायड्रोजनच्या दाबाखाली शिजवतात. जे काळंकुट्ट तेल हाती येतं, त्यात काय काय आहे ते शोधायचं काम माझं. बारीक भुकटी भरलेल्या नळीतून ते द्रावकाबरोबर ढकलायचं; घटक सुटे होऊन एकामागून एक बाहेर पडतात आणि पडद्यावर प्रत्येकाचं शिखर उमटतं.

गेले दोन महिने अकराव्या मिनिटाला एक अनोळखी शिखर येत होतं. साहेबांना आकाश ठेंगणं झालं. "नवा पदार्थ! सोमवारी समितीसमोर मांडतो." माझं कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि मुदतवाढ त्या शिखरावरच अडली होती. त्यामुळे माझाही त्याच्यावर जीव जडला होता.

नमुन्याच्या कुप्या साहेब स्वतः भरत, तेही उघड्या हातांनी. "हातमोजे घातले की हाताला कळत नाही," म्हणायचे. कोळसा नसलेली, नुसत्या द्रावकाची कोरी कुपी मात्र मी भरायची. ती कायम स्वच्छ.

शुक्रवारी मला उशीर झाला, म्हणून कोरी कुपीही साहेबांनीच भरली. मी यंत्र सुरू केलं. अकरावं मिनिट आलं आणि कोऱ्या द्रावकात शिखर ताठ उभं!

तेवढ्यात साहेब खांदा चोळत आले, आणि वासाने माझी ट्यूब पेटली. आई गुडघ्याला लावते तोच बाम! दुसऱ्या दिवशी घरून डबी आणली, कणभर द्रावकात विरघळवून यंत्रात सोडला. बरोब्बर अकरावं मिनिट.

गप्प बसावं असं अगदी मनापासून वाटलं. पण दोन्ही शिखरांचा छापील कागद घेऊन साहेबांकडे गेलेच.

"माझ्या कुपीवर शंका घ्यायला तुला सांगितलं कुणी?" साहेब कडाडले.

"तुम्हीच. पहिल्याच दिवशी. म्हणालात, सख्ख्या बापाने भरलेल्या कुपीवरही विश्वास ठेवू नकोस."

साहेबांनी कागद पाहिला. मग हळूच बोटं हुंगली. चेहरा एवढासा झाला, आणि मला त्यांची फार दया आली.

सोमवारी ते समितीसमोर स्वतःच उभे राहिले. "नवा पदार्थ माझ्या खांद्यावरचा निघाला." समितीची हसून हसून पुरेवाट झाली. अध्यक्षांनी डोळे पुसत विचारलं, "पकडलं कुणी?" साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मुदतवाढीचं पत्र संध्याकाळी आईच्या हातात दिलं. चष्मा सापडायच्या आधीच तिने नाक फेंदारलं. "अगं, याला बामाचा वास येतोय. सही करणाऱ्याचा खांदा दुखतो की काय?"

"दुखू दे बिचाऱ्यांचा," मी म्हटलं. "कुप्या आता मीच भरणार आहे."