केवढ्याला घेतलंस?

मंगळवार पेठेतल्या त्या बोळात बाईनं साधा तांब्या आणला तरी तो एकटीचा नसायचा. उंबऱ्यावर पाय टेकायच्या आत समोरनं चिमणाबाईची हाक यायची, "बघू गं, केवढ्याला घेतलास?" मग तांब्या ह्या हातातनं त्या हातात. एक टिचकी मारून नाद ऐकणार, दुसरी उपडा करून बूड बघणार. किंमत सांगितली की जागच्या जागी निकाल. "सवंग घावला गं बया!" नाहीतर, "बुडिवलं की तुला त्यानं!" आणि बुडिवलं म्हणणारीच आत जाऊन चहाचं आधण ठेवायची. असा बोळ फिरून आलेला तांब्या मगच पाणी भरायच्या लायकीचा व्हायचा.

धोंडुबाईंची हयात त्या बोळात गेली. मालक गेले, मागोमाग चिमणाबाई गेली, घरमालकानं जागा विकली. मुलगा अमरसिंह विलायतेत इंजिनिअर. त्यानं तिथनंच फोनवर सगळं ठरवून आईसाठी फुलेवाडीच्या बाजूला पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. देवाच्या दयेनं काही कमी नव्हतं. लिफ्ट होती, नळाला पाणी होतं, खिडकीतनं दूरवर रंकाळ्याची चकाकी दिसायची. आणि मजल्यावर चार दारं होती, चारी बंद.

एकदा त्यांनी महाद्वार रोडवरनं पितळी तांब्या आणला आणि मुद्दाम पिशवीत न घालता हातात धरून आणला. फाटकावर वॉचमन गुंडू बसला होता.

"आज्जी, पिशवी न्हाई व्हय? हात भरून येईल की."

"नवा हाय रे."

"बरं हाय," म्हणून त्यानं मोबाइलात मान घातली. समोरच्या दारातली बाई कानात वायरी घालून चालली होती, ती गोड हसली आणि लिफ्टमध्ये शिरली. तांब्या ओट्यावर जाऊन बसला. त्यातलं पाणी धोंडुबाईंना परक्या घरी प्याल्यासारखं लागायचं.

आठवड्यात दोनच वार त्यांचे होते. गुरुवारी पेठेतल्या देवळात कीर्तन आणि रविवारी अमरसिंहाचा फोन. कीर्तनाला त्या रिक्षा करून जायच्या. पूर्वरंग डोळे मिटून ऐकायच्या, आख्यान सुरू झालं की लहान पोरीसारखं तोंड उघडं टाकून. रविवारच्या फोनचं मात्र पूर्वरंगातच आटपायचं. अमरसिंह चार वाक्यं बोलायचा आणि "आई, क्लेअर बोलतीया हं," म्हणून फोन बायकोच्या हाती द्यायचा. क्लेअर तिकडचीच. गोरीपान, डोळ्यांनी मऊ. नवऱ्यानं शिकवलेलं एकच वाक्य ती प्रेमानं म्हणायची, "जेवलासा?"

"जेवलो, जेवलो. तू?"

"येस."

मग दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या. हसू संपलं की काय करायचं ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. फोन ठेवल्यावर धोंडुबाईंना वाटायचं, सून दारापर्यंत आली आणि मी तिला आत ये म्हणू शकले नाही.

शिमग्याच्या सुमारास क्लेअरची आई वारली. विहीणबाईंना धोंडुबाईंनी लग्नात फोनवरच काय ते पाहिलेलं, मोठ्यानं हसणारी जाडजूड बाई. अमरसिंह म्हणाला, "क्लेअर सध्या कुणाशी बोलत न्हाई, आई." आणि इकडं धोंडुबाई पदर तोंडाला लावून बसल्या. पोरीची आई गेली आणि सासूजवळ "जेवलीस का" पलीकडं शब्द नाही! दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाचनालयात वयस्कर मंडळींसाठी चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गाला नाव घातलं.

वर्ग घेणारी आदिती उपाध्ये तिकडं दोन-तीन वर्षं राहून आलेली. पहिलाच धडा बाजाराचा निघाला आणि धोंडुबाईंची कळी खुलली.

"हाऊ मच इज इट? म्हणजे केवढ्याला?" आदिती म्हणाली. "आणि महाग वाटलं तर तोंडावर महाग म्हणायचं नाही. म्हणायचं, दॅट्स अ बिट मच. म्हणजे, जरासं जास्त होतंय."

"जरासं? आन् लुबाडलं तर?"

"लुबाडलं तरी जरासंच, आज्जी."

"म्हंजे शिवी बी सोवळ्यात!" धोंडुबाई म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसला.

पुढच्या आठवड्यात आदितीनं इंग्रजांच्या घरी गेल्यावर काय बोलावं, काय बोलू नये हा धडा घेतला. पण त्या आठवड्यात देवळात कीर्तन सप्ताह होता. सप्ताह सोडून धोंडुबाई वर्गाला जातात होय?

आणि सप्ताह संपला त्या रविवारी क्लेअर फोनवर आली. पुष्कळ दिवसांनी. डोळे सुजलेले, अंगात निळा लोकरी स्वेटर, मोठाल्या बटणांचा, तिला दोन मापं मोठा. बाह्या हातावर उतरत होत्या. धोंडुबाईंनी स्वतःच्या बाहीला हात लावून विचारलं, "न्यू?"

"नो," क्लेअर म्हणाली. "मम्स."

आईचा. धोंडुबाईंना कळलं आणि काळजात कळ आली. त्याच वेळी, खोटं कशाला बोला, एक दार उघडल्यासारखंही झालं. कारण बोळात बाई गेली की दिवस झाल्यावर बायका तिची ट्रंक उघडून बसायच्या. एकेक पातळ मांडीवर घ्यायचं आणि विचारायचं, "हे तिनं केवढ्याला घेतलतं गं?" मग कुणाला दुकान आठवायचं, कुणाला तिनं केलेली घासाघीस. "चार आण्यांसाठी तीनदा दुकानाची पायरी उतरली हुती माझी बाई!" म्हणता म्हणता हसणं आणि रडणं एकदमच व्हायचं आणि गेलेली बाई घटकाभर येऊन मधे बसायची. चिमणाबाईच्या ट्रंकेपुढं तर संध्याकाळ झाली होती. दुःखात शिरायची वाट धोंडुबाईंना तीच ठाऊक, आणि नेमके त्याच वाटेचे शब्द त्या शिकून आलेल्या.

त्यांनी मान झुकवली आणि हळू, मायेनं विचारलं, "हाऊ मच?"

क्लेअर बघतच राहिली. तिला ऐकू गेलं नसेल म्हणून धोंडुबाईंनी पुन्हा विचारलं, "हाऊ मच, बाळा? युवर मदर. हाऊ मच?"

पडद्यावर छत दिसायला लागलं. फोन गादीवर टाकला असावा. मग तो बंदच झाला.

थोड्या वेळानं अमरसिंहाचा आला. आवाज दबका.

"आई, काय इचारलंस तिला?"

"आईच्या सुटराचं इचारलं. केवढ्याला घेतलता म्हणून."

"मेलेल्या माणसाच्या वस्तूची किंमत इचारत्यात व्हय? ती रडाय लागलीया. तिला वाटलं, आईची काय मालमत्ता राहिली ते काढाय लागलीस तू."

"आरं, चिमणाबाई गेली तवा नव्हतास व्हय माझ्याजवळ बसलेला? तिच्या जांभळ्या पातळाचं—"

"ते बोळात, आई. हितं असलं चालत न्हाई. आता थोडे दिवस मीच बोलत जातो. तिला राहू दे."

पुढच्या रविवारी तो एकटाच बोलला. त्याच्या पुढच्याही. मागं कुठं तरी भांडी वाजायची, क्लेअर घरात आहे एवढं कळायचं. "कशी हाय ती?" "बरी हाय." धोंडुबाई मग उगीच इकडच्या वळवाच्या पावसाचं सांगत बसायच्या. फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं की फ्रिजची घरघर सोबतीसारखी वाटायची. माहेर आटलं, बोळ सरला, आता लेकाकडची ही एक खिडकी होती, तीही आपण आपल्या हातानं लावून घेतली, हे त्यांच्या मनातनं जाईना. देवापुढं निरांजन लावताना त्या म्हणायच्या, "माझ्या तोंडाला कुलूप घालायचं हुतंस की रे आधीच."

गुरुवारी कीर्तनाला गेल्या तर चित्त टाळात नाही, मृदंगात नाही. बुवा रंगात आले होते. सांगत होते, "एक सून जत्रेला गेली. सगळी दुकानं फिरली, बांगड्यांचा दर विचारला, चाळणीचा विचारला, बत्ताशांचा विचारला, आणि हात हलवत घरी आली. सासू म्हणते, काय आणलंस गं? सून म्हणते, आत्याबाई, चार माणसांशी बोलणं आणलं!" लोक हसले, टाळ्या झाल्या. धोंडुबाई हसल्या नाहीत. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांना धार लागलेली.

दुसऱ्या दिवशी त्या आदितीपुढं जाऊन बसल्या आणि झालं ते सांगितलं.

"आज्जी, त्यांच्यात किंमत आपण विचारायची नसते," आदिती म्हणाली. "नेमका तोच धडा तुमचा चुकला."

"मग त्यास्नी किमतीचं बोलायचंच नसतंय?"

"असतं की! स्वस्त मिळालं तर स्वतःहून सांगतात, बस थांबवून सांगतील. माझी घरमालकीण रोज काहीतरी पुढं धरायची आणि म्हणायची, गेस हाऊ मच! ओळख बघू केवढ्याला!"

"आन् महागात पडलं तर?"

"तर पावती फाडून टाकतात."

धोंडुबाई विचारात पडल्या. "म्हंजे ज्याचं त्यानं सांगायचं. दुसऱ्यानं इचारायचं न्हाई."

"हां."

"मग मी इचारत न्हाई. मी सांगतो."

घरी जाऊन त्यांनी ट्रंकेच्या तळातनं एक गाठोडं आणलं. त्यात त्यांच्या आईचं हिरवं इरकली लुगडं होतं. शाहूवाडीकडं माहेर. भात विकायला वडील मलकापूरच्या बाजाराला गेले तेव्हा आईलाही नेलं होतं, तिथं तिनं घेतलेलं. धोंडुबाई तेव्हा तिच्या कडेवर. पदर विरला होता, घड्यांवर रंग उडाला होता. वाचनालयाच्या बाकावर बसून त्यांनी लुगडं मांडीवर पसरलं आणि आदितीला म्हणाल्या, "धर फोन. चालू कर."

आदितीनं शब्द सांगू का विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. जेवढे होते तेवढ्यातच भागवलं.

"क्लेअर. सॉरी, बाळा. धिस, माय मदर. शी गॉन. लाँग लाँग." त्या लुगड्यावरनं हात फिरवत थांबल्या. "हिअर, पीपल आस्क हाऊ मच. देन वी टॉक मदर." मग फोनकडं सरळ बघून म्हणाल्या, "यू आस्क मी."

पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे पाहिलं तिनं. उत्तर आलं नाही. शनिवार गेला. रविवारी फोनची वेळ टळून गेली, धोंडुबाईंनी वरणाखालचा गॅस बंद केला, भूक नव्हती, आणि लुगडं मांडीवर घेऊन बसल्या.

मग फोन वाजला. पडद्यावर तो निळा स्वेटर होता. अमरसिंह मागं उभा.

"फोर पाउंड्स," क्लेअर म्हणाली.

बाकीचं ती भरभर बोलली आणि अमरसिंह मराठीत सांगत गेला, मधेमधे त्याचाच आवाज चिकटत होता. आईनं हा वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातनं घेतलेला. नवीन असता तर चाळीसच्या खाली नव्हता. ती बसथांब्यावर, चर्चमध्ये, डॉक्टरच्या दारात बटणं दाखवून अनोळखी माणसांना म्हणायची, ओळखा बघू केवढ्याला! क्लेअरला लाज वाटायची, ती लांब जाऊन उभी राहायची. "आन् आता, आई, ती म्हणतीया, ह्याची किंमत तिला म्हाईत हाय आन् ती सांगायला कुणी न्हाई. ज्यानं त्यानं नुसतं सॉरी म्हटलं. इचारलं तू एकटीनं."

धोंडुबाईंना बोळातला निकाल द्यायचा होता. तो त्यांनी दिला. "लई सवंग घावला गं बया! हुशार हुती माझी ईनबाई!"

क्लेअरनं नाक पुसलं. कागदावर लिहून आणलेलं बघून, एकेक अक्षर लावत तिनं विचारलं, "केवढ्याला घेतलं?" आणि बोटानं लुगडं दाखवलं.

धोंडुबाईंनी खाली लुगड्याकडं बघितलं.

त्यांना माहीतच नव्हतं. आईनं त्या लुगड्याची किंमत साऱ्या गावाला सांगितली असणार, विहिरीवर सांगितली असणार. पण पोर कडेवर होती. पुढं कधी विचारायचं सुचलं नाही, आई होती ना सांगायला. मनात त्या एकेक माणूस धुंडाळत गेल्या. वडील, मावशी, थोरली आक्का, शेजारची माणसं. ज्याला विचारावं असं कुणीच उरलं नव्हतं.

"ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणालाच ठावं न्हाई आता."

अमरसिंहानं ते इंग्रजीत सांगितलं. मग क्लेअर पुढं झुकली, डोळे ओले, ओठ मात्र तिच्या आईसारखे हसरे.

"गेस," ती म्हणाली. "गेस हाऊ मच."

धोंडुबाईंनी लुगड्याचा काठ बोटांत चोळला. "ट्वेंटी फाइव्ह. रुपीज."

"ओ," क्लेअर म्हणाली, "दॅट्स अ बिट मच."

तिघंही हसली. अमरसिंह सगळ्यात मोठ्यानं, आणि हसता हसता पाठ फिरवून उभा राहिला.

फोन बंद झाला. खिडकीबाहेर रंकाळ्याकडचे दिवे लागले होते, शेजारच्या दाराची कडी आतनं लागल्याचा आवाज आला. वरण गार झालं होतं. धोंडुबाई लुगडं तसंच मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"बावीस असंल," थोड्या वेळानं त्या मोकळ्या घराला म्हणाल्या. मग मान हलवली. "एकवीस. आई पायरी उतरली असणार की."

काठावरचा हात त्यांनी तसाच ठेवला. "दोनदा तरी उतरली असणार."