तुबाची नेमणूक

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर दुर्गाबाई घरी बसल्या नाहीत. भातकुली तालुक्यातल्या त्यांच्या गावात बुद्धविहाराला लागून एक खोली रिकामी पडली होती. तिथं त्यांनी मुलींसाठी अभ्यासिका काढली. कुणी पंखा दिला, कुणी सतरंज्या दिल्या. गावातल्याच, अमरावतीला शिक्षक असलेल्या कुंदननं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणून टाकली. शिंपीकाम करणाऱ्या अब्दुल गफ्फारभाईंनी खिडक्यांना पडदे शिवून दिले आणि आपली लेक तुबाही तिथं अभ्यासाला धाडली.

दुर्गाबाई घरोघर जाऊन आयांना समजवायच्या, "सरकारले शिव्या देऊन का होते वं? आपली पोरगी आत बसली पायजे. ज्या टेबलामांगं आपली पोरगी, थे सरकार आपलं."

पहिलं फळ त्यांच्याच घरात आलं. त्यांची नीलम ग्रामसेवक झाली आणि तिला मेळघाटात, धारणी तालुक्यातलं एक कोरकू आदिवासींचं गाव मिळालं. तिकडं नेमणूक झाली की लोक पहिल्या दिवसापासून बदलीच्या मागं लागतात. नीलम लागली नाही. सुटीत घरी आली की त्याच गावाचं सांगत राहायची. लेकरांचे जन्माचे दाखले कसे काढले, हातपंप कसा दुरुस्त करून घेतला, ग्रामसभेला बाया आता पुढं कशा बसतात. दुर्गाबाई ते सगळं दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत मुलींना सांगत.

मागच्या पावसाळ्यात ग्रामसभेच्या दिवशी त्या गावाजवळच्या नाल्याला एकाएकी लोंढा आला. नीलम तेव्हा नाला ओलांडत होती. तिचा देह दुसऱ्या दिवशी खूप खाली, झाडाच्या मुळांत अडकलेला सापडला.

साहेब लोक आले, हार आले, भाषणं झाली. त्या गर्दीतच एक बाई शेजारणीला म्हणाली, "सोताची पोरगी घालवली, आता गावच्या पोरी धाडते का?" दुर्गाबाईंनी ते ऐकलं. घरी आल्या, किल्ली घेतली आणि अभ्यासिकेला कुलूप लावून आल्या. त्यांचे यजमान देवमन दारात बसले होते. ते एवढंच म्हणाले, "आता कोनाच्याच पोरीले काही सांगू नोको."

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. हिवाळा लागला आणि एका दुपारी गफ्फारभाई दारात उभे राहिले. मागं तुबा होती, खाली मान घालून.

"बाई, तुबाची निवड झाली. ग्रामसेवक," गफ्फारभाई म्हणाले. आनंदाची बातमी, पण आवाज बसलेला. "ऑर्डर धारणीची आहे."

देवमन उठून आत निघून गेले.

"तिची अम्मी रडून राहिली. मले काही सुचत नाही. तुमी म्हनसान ना पाठवा, तं पाठवतो. नोको म्हनसान तं हे ऑर्डर इथंच फाडून टाकतो."

दुर्गाबाईंनी त्यांच्या हातातला कागद घेतला, वाचला आणि परत दिला. मग म्हणाल्या, "मी थे गाव पायलं नाही, गफ्फारभाई. लेकीले आनाले बी मी गेली नाही, तिले इकडंच आनून देलं. अगुदर पाहून येऊ. मंग बोलू."

तिघं निघाले. अमरावती, परतवाडा, मग घाटाची वळणं आणि दोन्ही बाजूंनी दाटत जाणारं सागाचं जंगल. धारणीहून जीप केली. रस्ता संपला तिथं ड्रायव्हरनं जीप थांबवली आणि समोर बोट केलं. "यहाँ से पैदल. वो नाला, उसके पार गाव."

दुर्गाबाई पुढं आल्या आणि थबकल्या. रात्री डोळे मिटले की त्यांना समुद्रासारखं पाणी दिसायचं. इथं घोट्याएवढा ओहोळ होता. गोट्यांवरून खळखळत चाललेला, तळातली वाळूसुद्धा दिसत होती. एक बाई काठावर बसून भांडी घासत होती.

"हाच?" त्यांनी विचारलं. "एवढासाच?"

त्यांनी चपला काढल्या, लुगडं सावरलं आणि पाण्यात उतरल्या. मधोमध गेल्यावर पाय पुढं उचलेना. त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि इतक्या महिन्यांत फुटलं नव्हतं ते रडू फुटलं. गफ्फारभाईंनी तोंड फिरवलं. तुबा चपलांसकट पाण्यात शिरली आणि बाईंचा हात धरून उभी राहिली.

गावात कळलं तशी माणसं जमली. सोमजी नावाचा म्हातारा पुढं झाला. त्यानं दुर्गाबाईंना आपल्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसला.

"माय, तुले एक सांगाचं आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी आमी समदे या काठावर होतो. मॅडम त्या काठाले. वरून लोंढा येताना आमाले दिसला. आमी हात हलवले, वरडलो, येऊ नोको, येऊ नोको. पन पान्याचा आवाज लय होता. तिले वाटलं, आमी बोलावून राहिलो. तिनं बी हात हलवला. हसली. आन् पान्यात उतरली."

ओट्याभोवतीच्या बाया पदराआड रडत होत्या. दुर्गाबाई हळूच म्हणाल्या, "हसली होती?"

"हव माय. हसली होती."

मग त्यांनी विचारलं, "आता इथं कोन येते?"

"कोनी नाही. चार्ज दुसऱ्या साहेबाकडं आहे, थे धारणीतच बसतात. मॅडम होती तवा सरकार या ओट्यावर येऊन बसत होतं. आता सरकार पाहाले आमाले जीप करा लागते." मग त्याची नजर तुबाकडं गेली. "हे नवी मॅडम आहे का?"

गफ्फारभाई घाईनं म्हणाले, "अजून काही ठरलं नाही."

तुबा मात्र म्हाताऱ्याच्या जवळ सरकून बसली होती. "बाबा, पुरात कोनी बिमार पडलं तं तुमी का करता?" आणि मग ती विचारतच गेली. शाळेचं, राशनचं, बाळंतिणींचं. दुर्गाबाईंनी तिला थांबवलं नाही.

परतीच्या बसमध्ये गफ्फारभाईंनी पुन्हा विचारलं, "बाई, आता तरी सांगा."

"मले नोका विचारू, भाऊ. जा म्हनाची माही हिंमत नाही. नोको म्हनतो म्हनलं तं त्या ओट्यावरचे लोकं डोयासमोर येतात. जिले जाचं आहे तिले विचारा."

तुबा खिडकीतून बाहेर पाहत होती. "अब्बा, मी जातो," ती म्हणाली. "तिथं कोनीतरी पायजे."

गफ्फारभाईंनी रुमाल तोंडावर धरला तो परतवाडा येईपर्यंत काढला नाही.

तुबा रुजू झाली. तिला सोमजीचं गाव मिळालं नाही, त्याच्या पलीकडचं मिळालं. सोमजीच्या गावाचा चार्ज अजून धारणीतच आहे. नाल्यावर पूल व्हावा म्हणून दुर्गाबाई आणि गफ्फारभाई अमरावतीला चकरा मारतात. एकदा एक तरुण साहेब उठून उभा राहिला, खुर्ची दिली, सगळं नीट ऐकून घेतलं. पुढच्या वेळी गेले तर त्याची बदली झालेली. पूल अजून झालेला नाही.

अभ्यासिका दुर्गाबाईंनी उघडली. आता त्या घरोघर जात नाहीत. एखादी आई आपल्या मुलीला घेऊन आली, तर तिला आधी शेजारी बसवून नीलमचं सगळं सांगतात, हात हलवल्याचंसुद्धा. ऐकून काही बाया मुलीचा हात धरून परत जातात. दुर्गाबाई त्यांना अडवत नाहीत. काही मुलीला ठेवून जातात. त्यांना निरोप देताना दुर्गाबाईंना त्यांच्या डोळ्यांकडं पाहवत नाही.

मेळघाटात पाऊस लागला की त्या तुबाला फोन लावतात. बऱ्याचदा लागत नाही. मग गफ्फारभाई दुकान बंद करून येतात आणि त्यांच्या ओट्यावर बसतात. देवमनही बाहेर येतात. तिघं मध्ये ठेवलेल्या फोनकडं पाहत बसून राहतात.